वाचकांचे प्रश्न : घरोघरी सांभाळणारे किती?

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत १४० फ्लॅट आहेत. घरातल्या म्हाताऱ्या, आजारी किंवा अपंग माणसाला विनामोबदला सांभाळणारे किती, हे आमच्या महिला मंडळाला मोजायचं आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर फक्त ६ जणी पुढे आल्या. हा आकडा धरायचा का?

उत्तर : धरू नका. ‘तुम्ही कुणाची काळजी घेता का?’ असं विचारलं की सून, बायको, मुलगी ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते घरचंच असतं, वेगळं काम नसतं. शिवाय जिथे रात्री चारदा उठावं लागतं, तिथे ग्रुपवरचे निरोप वाचायला फुरसत कुठली? ज्यांना मोजायचं, नेमके तेच सुटतात.

म्हणून दारात जाऊन कामांची नावं घेऊन विचारा. गेल्या ७ दिवसांत कुणाला आंघोळ घातलीत का? भरवलंत? डायपर बदललंत? औषधांच्या वेळा पाळल्यात? तपासणीला नेलंत? रात्री किती वेळा उठलात? आणि शेवटी : ‘दोन तास बाहेर जायचं तर मागे कुणाला बसवून जावं लागतं का?’ हा प्रश्न कधीही गाळू नका. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाच्या घरी हाताने करायचं काम थोडंच दिसतं, पण दाराला कडी लावून निघता येत नाही. ते ओझं फक्त याच प्रश्नातून बाहेर येतं.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा. सासूबाईंसमोर सून मोकळं बोलणार नाही. दुपारी १ ते ४ जाऊ नका. आजारी माणूस झोपला की सांभाळणारी व्यक्तीही तेवढ्यात पाठ टेकते. साडेचारनंतर जा, नोकरदारांकडे रविवारी. बंद दाराशी तीनदा तरी जा. कागदावर नाव नको, आजाराचं नावही नको. फक्त क्रमांक, वय, स्त्री की पुरुष. सांभाळणारे आणि ज्यांना सांभाळलं जातं ते, यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर एका आजोबांना पाहणारे तिघं म्हणजे तीन आजोबा होतात. ९६ घरांनी उत्तर दिलं तर टक्केवारी ९६ वर काढा, १४० वर नाही.

तास हवे असतील तर सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाची, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणाऱ्या पाहणीची, पद्धत घ्या : काल पहाटे ४ ते आज पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. पाच मिनिटांचं रात्रीचं उठणं त्यात हरवतं, म्हणून ते वेगळं लिहा.

प्रश्न : त्या सर्वेक्षणाच्या आकड्यांशी आमचे आकडे ताडून पाहता येतील का?

उत्तर : जपून. २०२४ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरच्यांच्या काळजीच्या कामात आढळले; वेळ रोज सरासरी १४० आणि ७४ मिनिटं. पण यात लहान मुलांना सांभाळणंही आलं. तुम्ही फक्त म्हातारे-आजारी मोजत असाल तर तुलना जुळणार नाही. दुसरं, १४० मिनिटं ही हे काम करणाऱ्या स्त्रियांचीच सरासरी आहे. त्या वयाच्या सगळ्या स्त्रियांवर वाटली तर ती साधारण ५७ मिनिटं होते. हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

तिसरी गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते : हा आकडा ५९ वर्षांशी थांबतो. ७८ वर्षांच्या नवऱ्याला उठवून बसवणारी ७२ वर्षांची बायको त्यात नाही. तुमच्या कागदावर वयाची वरची मर्यादा ठेवूच नका.

प्रश्न : मी हडपसरला राहते. आई सदाशिव पेठेत एकटी असते. रोज संध्याकाळी जाऊन तिचं सगळं करते. मी कुठल्या खात्यात?

उत्तर : या सरकारी सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका चुलीवर जेवणारी माणसं. तुमची आई वेगळ्या चुलीवर, म्हणून तुमचं काम ‘घरच्यांची काळजी’ यात न येता दुसऱ्या कुटुंबाला केलेल्या विनामोबदला मदतीत, स्वयंसेवेच्या खात्यात जातं. सोसायटीत मोजताना ‘दुसऱ्या घरी जाऊन कुणाला सांभाळता का?’ हा प्रश्न म्हणूनच स्वतंत्र हवा. त्यासाठीचा बसप्रवासही धरायचा; तो वेळ आईसाठीच गेलेला असतो.

प्रश्न : आजारी माणसासाठी ब्युरोतून १२ तासांची मावशी (पगारी सेविका) ठेवली आहे. तरी आमचं घर मोजायचं?

उत्तर : हो. मावशींचे तास पगारी, ते बाजूला काढा. उरलेले १२ तास, त्यांच्या सुटीचे दिवस, सकाळ-संध्याकाळ त्यांना सूचना देणं, डायपर-औषधं आणणं आणि बदली मावशी आली की सगळं पुन्हा शिकवणं, हे घरच्यांच्या नावे लिहा.