भांड्यावरची नावं वाच आधी

बापू,

वंशावळीचा फोटो भेटला तुझा. मेहनत दिसते, पण एक गोष्ट लई खटकली. आजा, पणजा, खापरपणजा सगळे नीट लावलेस अन् त्यांच्या बायकांच्या जागी रिकाम्या चौकटी, लेकी तर कुठंच नाहीत. अर्धं घराणं सुटलं ना रे असं.

कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीची नक्कल काढलीस, शाळेचं दाखलखारीज, म्हणजे पोरांच्या नावनोंदणीचं रजिस्टर पाहिलंस, बरं केलंस. आता वारसाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदी काढ, खातेदार मेल्यावर बायको-लेकींची नावं त्यात सापडतात. तुमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, म्हणजे मालगुजारीचा भाग, मालगुजार गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, तिथले १९५१ च्या आधीचे कागद वऱ्हाडातल्यासारखे नसतात, पाहून गोंधळू नको. शके लिहिलं असलं तर इसवी सनासाठी ७८ मिळव, माघ-फाल्गुनातली तिथी असली तर ७९.

पण माझा जीव अडकलाय तो तुमच्या माडीवरच्या पितळेत. गुंड, गंगाळ, कोपर, गडवे, आंदणात आलेलं एकेक भांडं खाली काढ अन् काठ पाह्य, टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं, बहुतेक देणाऱ्याचं, कधी गाव नि तारीखसुद्धा. बाईचं माहेर कागदात सहसा सापडत नाही, इथं सापडतं. घासू मात्र नको, चिंच नाही, पितांबरी नाही, अक्षरं आधीच झिजलेली असतात. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च काठाला आडवा धर, टिंबांच्या सावल्या पडतात अन् नाव वाचता येतं, मग फोटो काढ आणि कोणाच्या आंदणातलं ते तिथल्या तिथं लिहून ठेव. लोकं जुनं पितळ देऊन स्टील घेतात तेव्हा फार वाईट वाटतं मला, एखाद्या बाईच्या माहेरचा एवढाच पुरावा उरलेला असतो आणि तो किलोच्या भावानं जातो.

मग मोठ्या आत्याकडे जा. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव काय होतं अन् सासरी काय ठेवलं, दोन्ही विचार, नाहीतर एकाच बाईच्या दोन बाया होतील तुझ्या तक्त्यात. म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आग्रह करू नको, ते सुनेला विचारून घे. रेकॉर्डिंग कर पण आधी त्यांना सांगून.

कागदांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. मोडीतले असले तर सपाट ठेवून, उन्हात न नेता फोटो काढ अन् मला पाठव, मी वाचून देतो. आत्याकडे मात्र याच आठवड्यात जा, सुट्ट्या लागायची वाट पाहू नको.

तुझा काकाजी