पोटरीत गोळा आला त्या क्षणी काय करावे आणि झोपण्यापूर्वी काय करावे

आपण लिहिले आहे की, साठी ओलांडल्यापासून आठवड्यातून तीन-चार रात्री पोटरीत गोळा येऊन आपल्याला जाग येते, कधी तळपायाला पेटका येऊन बोटे एकमेकांवर चढतात, दोन महिने मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊनही फरक पडलेला नाही, आणि अलीकडे चालताना डावी पोटरी भरून येते व थोडे थांबले की बरे वाटते. यातील शेवटच्या वाक्याबद्दल आधी लिहिते, कारण ते बाकीच्या तक्रारीहून वेगळे आहे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखू लागणे आणि नुसते उभे राहिले की काही मिनिटांत दुखणे शमणे, हे पायाच्या धमन्या अरुंद होऊन स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. घोट्याजवळचा आणि दंडातला रक्तदाब मोजून दोहोंची तुलना केली की याचा बराचसा उलगडा होतो, आणि त्या तपासणीत सुईसुद्धा टोचावी लागत नाही. कंबरेच्या मणक्यांत नसांवर दाब आला तरी चालताना पाय भरून येतात, पण तेव्हा उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. आपल्याला मधुमेह असेल किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर कृपया हे डॉक्टरांना दाखवणे पुढे ढकलू नका.

रात्रीचा गोळा मात्र निराळा. मला तो प्रथम गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत येत असे, पुढे बरीच वर्षे आला नाही, आणि पन्नाशीनंतर परतला तो गेली अकरा वर्षे कमीअधिक प्रमाणात सोबत आहे. पहिली काही वर्षे मी फक्त गोळ्या आणि मलमे शोधत राहिले. स्नायूच्या आत नेमके काय घडते हे समजून घेतल्यावरच माझ्या रात्री सुधारल्या, म्हणून ते थोडक्यात सांगते.

पेटका स्नायूत दिसत असला तरी त्याचा उगम बहुधा त्या स्नायूला आज्ञा देणाऱ्या चेतातंतूंत असतो. ते विनाकारण, अतिशय वेगाने संदेश पाठवू लागतात आणि स्नायू दगडासारखा आवळला जातो. स्नायूच्या टोकाशी, त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत ताण ओळखणारी सूक्ष्म केंद्रे असतात. स्नायू ताणला गेला की ती मज्जारज्जूकडे ‘आता आवर’ असा निरोप धाडतात. अंथरुणात पडल्यावर पाऊल आपोआप खाली झुकते, पोटरी आधीच आखूड झालेली असते, कंडरा सैल पडते आणि हा आवरणारा निरोप क्षीण होतो. झोपेत आळस देताना पायाची बोटे खाली ताणली की नेमक्या त्याच क्षणी गोळा का येतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. गोळ्यावर सर्वांत जलद उपाय स्नायू लांबवणे हाच का, तेही यावरून कळते.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवावा आणि पावलाचा पुढचा भाग सावकाश स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढावा. आवळलेला भाग सैल होईपर्यंत तो तसाच धरून ठेवावा. हात पोहोचत नसेल तर उशाशी एक टॉवेल ठेवावा आणि तो तळव्याखालून घेऊन दोन्ही टोके ओढावीत. ‘सावकाश’ हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहिते आहे. एकदा वेदनेच्या भरात मी पाऊल जोराने हिसडले, स्नायू दुखावला आणि त्यानंतर दोन आठवडे लंगडत चालले. दुसरी चूक अधिक धोक्याची : गोळा येताच अंधारात ताडकन उभे राहणे. आवळलेल्या पोटरीवर शरीराचा भार पेलत नाही आणि साठीनंतरचे पडणे साधे नसते. उभे राहून बरे वाटत असेल तर आधी पलंगाच्या कडेवर बसावे, दिवा लावावा, कशाला तरी धरावे आणि मग टाच जमिनीला टेकवत हळूहळू भार द्यावा.

तळपायाच्या पेटक्यात बोटे खाली वळतात, म्हणून ती हाताने वर, पावलाच्या पाठीकडे वळवून धरावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याची कमान दाबत राहावे. बसल्या जागी तळवा जमिनीवर सपाट दाबल्यानेही तो सुटतो. मांडीच्या मागच्या बाजूस गोळा आला तर गुडघा सरळ करावा. पोटरी सोडवताना कधी नडगीच्या बाजूचा स्नायू आवळतो आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी पाऊल उलट, खालच्या दिशेने न्यावे लागते. गोळा सुटल्यावर हलक्या हाताने चोळावे, शेकावे. दुसऱ्या दिवशी तो भाग ठणकत राहिला तर त्यात काळजीचे काही नसते.

आता गोळा येऊच नये म्हणून काय करावे. भिंतीपासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, तळहात भिंतीवर टेकवावेत, टाचा न उचलता आणि गुडघे न वाकवता पुढे झुकावे, पोटरीत ताण जाणवला की दहा सेकंद थांबावे आणि असे तीनदा करावे. त्यानंतर गुडघे किंचित वाकवून हेच पुन्हा केल्यास पोटरीतला खोलवरचा स्नायूही ताणला जातो. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ वर्षांवरील ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी व मांडीच्या मागचे स्नायू ताणण्याचा व्यायाम केला, आणि त्यांचे गोळे इतरांच्या तुलनेत रात्रीमागे सरासरी एकाहून थोडे अधिकने कमी झाले. त्याआधीच्या एका ब्रिटिश प्रयोगात पोटरी ताणण्याचा असा लाभ दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही मी हा व्यायाम आग्रहाने सुचवते, कारण त्याला दोन मिनिटे लागतात, त्याचा अपाय जवळजवळ नाही, आणि मला स्वतःला चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून स्पष्ट फरक जाणवला. चार दिवस करून सोडून दिल्यास त्याची परीक्षाच होत नाही. पांघरूण पायाकडे घट्ट खोचू नये, त्याच्या वजनाने पाऊल खाली दाबले जाते. पालथे झोपण्याची सवय असेल तर पावले गादीच्या कडेबाहेर लोंबू द्यावीत.

मॅग्नेशियमने फरक पडला नाही यात आपले काही चुकलेले नाही. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार, वयस्कर व्यक्तींच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी आहे. गरोदर स्त्रियांबाबतचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मूत्रपिंड अशक्त असेल तर या गोळ्या रक्तात साचून अपाय करतात, त्यामुळे ‘घेऊन तर पाहू’ हा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पोटॅशियम तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये, कारण रक्तदाबाच्या काही औषधांसोबत ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. क्विनाइन या हिवतापावरच्या औषधाबद्दल आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच. त्याने गोळे थोडे कमी होतात हे खरे, परंतु रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट धोकादायकरीत्या घटणे आणि हृदयाची लय बिघडणे अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्येच चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या क्विनाइनची या कारणासाठी होणारी विक्री थांबवली.

गोळ्या शोधण्यापेक्षा सध्या चालू असलेल्या औषधांची यादी तपासणे माझ्या बाबतीत अधिक उपयोगी ठरले. गोळे कोणत्या रात्री आले याची मी दोन महिने वहीत नोंद ठेवली, तेव्हा लक्षात आले की रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध सुरू झाल्यानंतर त्यांची संख्या वाढली होती. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी औषध बदलले आणि गोळे निम्म्यावर आले. दम्यासाठी श्वासावाटे ओढण्याच्या, दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या काही औषधांचाही पेटक्यांशी संबंध आढळला आहे. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये, पण हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. त्याच भेटीत रक्तातील साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम आणि क्षार तपासून घ्यावेत.

रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सतत हलवावेसे वाटतात, पण हाताला गाठ लागत नाही, असे असेल तर तो पेटका नव्हे. त्यावरचे उपचार वेगळे असतात. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागू लागली, लालसर झाली आणि दुखणे मिनिटांत न ओसरता तासन्‌तास टिकले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी : ती पोटरी चोळू नये, ताणू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे; जोडीने धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.