ठेकेदार येतो, पण लादी बसवतो कोण?

तुमचा प्रश्न असा आहे: नेरूळला जुना फ्लॅट घेतलाय, साधारण 480 चौरस फूट लादी बदलायचीये, बाथरूमही करायचंय आणि नुसत्या मजुरीची तीन कोटेशनं आलीत. चौरस फुटाला 38, 55 आणि 80 रुपये. काम कोणाला द्यावं?

नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. ऐरोलीतलं माझं घर, मग त्याच घराची बेडरूम पुन्हा, आणि ठाण्यात बहिणीचं घर, असं तीन वेळा यातून गेलोय. पहिल्या वेळी मीही दोन-दोन रुपयांसाठी घासाघीस करत बसलो आणि विचारायचं तेच राहिलं: कोटेशन द्यायला आलेला माणूस स्वतः लादीला हात लावणार आहे का?

बहुतेक वेळा नाही. मोजमाप घेऊन जातो तो ठेकेदार. बसवणारा कारागीर वेगळा आणि तो एकाच वेळी ठेकेदाराच्या तीन-चार साइटवर फिरवला जातो. माझ्याकडे पहिले दोन दिवस आलेल्या कारागिराचा हात इतका साफ होता की हॉलच्या लाद्या आजही ठणठणीत आहेत. तिसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे पळवलं आणि बेडरूम हेल्परनं उरकली. दीड वर्षानं मे महिन्यात भरदुपारी आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघतो तर दोन लाद्या कडेला कड लावून तंबूसारख्या उठलेल्या. उचलल्या तर पाठीला अॅडहेसिव्हचे, म्हणजे लादी चिकटवायच्या तयार मसाल्याचे पाच लाडू, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी पाठ कोरी करकरीत. वर पेपर जॉइंट, म्हणजे दोन लाद्यांमध्ये फटच नाही. उन्हाळ्यात लादी फुगणार, ती जाणार कुठे? ठेकेदारानं फोन उचलला नाही, हे सांगायला नकोच.

त्यामुळे तिघांनाही आधी एकच सांगा: ‘बसवणाऱ्या कारागिराला भेटायचंय आणि त्यानं बसवलेलं निदान वर्षभर जुनं घर बघायचंय.’ मोबाइलमधले फोटो नकोत, फोटोत सगळ्याच लाद्या चकाचक दिसतात. त्या घरी जाल तेव्हा पाच रुपयांचं नाणं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत ठोकून बघा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लहान मुलालाही कळतो. मग दाराच्या चौकटीपाशी आणि खांबाभोवती लादी कशी कापलीये ते पाहा, कारागिराचा हात तिथे उघडा पडतो. कोटेशनवरही लिहून घ्या की काम संपेपर्यंत हाच माणूस राहील.

लादी 2 बाय 4 फुटांची विट्रिफाइड घेताय ना? मग ‘साहेब, सिमेंटमध्येच बसवू, वर्षानुवर्षं हेच करतोय’ हे ऐकू नका. विट्रिफाइड लादी पाणी शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सिमेंटच्या रबडीला धरायला तिथे काही मिळत नाही. जुन्या सिरॅमिकचं तसं नव्हतं, ती पाणी प्यायची. अॅडहेसिव्हच्या गोणीवर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप छापलेला असतो. तुमच्या लादीला कुठला टाइप लागेल ते दुकानदाराला विचारून घ्या. दातेरी थापीनं ते पूर्ण पसरलं पाहिजे, आणि मोठ्या लादीच्या पाठीलाही त्याचा हात मारला पाहिजे. तुम्ही दिवसभर ऑफिसात असाल तर माझी युक्ती वापरा: रिकाम्या गोण्या फेकू द्यायच्या नाहीत, संध्याकाळी मोजायच्या. 20 किलोच्या गोणीत तीन मिलिमीटर थराला जेमतेम 50 चौरस फूट होतात. 200 फूट बसवून दोनच गोण्या रिकाम्या दिसल्या, तर लाडू चालू आहेत समजा. जॉइंटला 2 किंवा 3 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी राखणारे प्लास्टिकचे तुकडे, लावायला लावा. भिंतीलगतही थोडी फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकली जाते.

आता दर. 38 वाल्याला विचारा की जुनी लादी काढणं, खालचा कोबा सरळ करणं, डेब्रिज गोणीत भरून खाली नेणं, स्कर्टिंग, ग्राउट (लाद्यांच्या फटीत भरायचा मसाला) यातलं त्यात काय धरलंय. बरेचदा काहीच नसतं. स्कर्टिंग रनिंग फुटानं वेगळं, कडा 45 अंशांत घासणं वेगळं, माल वर चढवणंही वेगळं. सगळं जोडलं की तो 55 वाल्याच्याही पुढे जातो. 80 वाला महाग की प्रामाणिक, हेही त्याच यादीवरून कळेल. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचे दहा टक्के ग्राउट सुकून, नाणं वाजवून झाल्यावर.

बाथरूममध्ये मात्र एक रुपयाही वाचवायला जाऊ नका. जुन्या इमारतीत खालच्या घराच्या छताला ओल धरली की पुढची पाच वर्षं भांडणात जातात. जुनं खणून काढलं की वॉटरप्रूफिंग, मग नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बुचानं बंद करून निदान 48 तास पाणी भरून ठेवायचं. खालच्या काकूंना आधीच सांगा, रोज छत बघायला जायचंय म्हणून. बहिणीच्या खालच्या काकू तर स्वतःच टॉर्च घेऊन स्टुलावर चढल्या होत्या आणि पाइपाजवळचा ओला ठिपका त्यांनीच दाखवला. लादी लागायच्या आत तो सापडला म्हणून थोडक्यात भागलं. ढाळ फुटाला निदान एक सूत (इंचाचा आठवा भाग), नहाणी ट्रॅपकडे. ग्राउट भरण्याआधी बादलीभर पाणी ओता आणि कुठे थांबतं ते कारागिरासमोरच बघा.

बाकी किरकोळ. लादी मोजमापापेक्षा सात-आठ टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा, आणि एक अख्खं खोकं माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तोच शेड मिळत नाही. सोसायटीची एनओसी, डिपॉझिट, कामाच्या वेळा आधी विचारून घ्या. दुपारी ठोकाठोक बंद असेल तर कारागिराचा दिवस अर्धा होतो आणि तो तसा हिशेब लावतो. डेब्रिज कुठे टाकणार तेही विचारा. ‘खाडीकडे टाकून येतो’ म्हणाला तर नको म्हणा, महापालिकेच्या पथकानं गाडी धरली की घर कोणाचं ते शोधलं जातं. होळी-दिवाळीला कारागीर गावी जातात, त्याच्या तोंडावर काम सुरू करू नका.

जुन्या लादीवरच नवी बसवायचा विचार असेल, तर आधी तुमच्या त्या जुन्या लादीवर नाणं वाजवून बघा. आणि सगळ्या दारांची खालची कड कापावी लागेल, सुताराला त्याच आठवड्यात बोलवा.