मुंबईचा टाऊन हॉल आणि एशियाटिक लायब्ररी एकच का? जळगावहून गेलो तर आत काय पाहावं?

हो, इमारत एकच. टाऊन हॉल हे मूळ नाव. आत एशियाटिक सोसायटी ही अभ्याससंस्था आणि तिचं ग्रंथालय आहे, म्हणून लोक नुसतं 'एशियाटिक' म्हणतात. सोसायटीचं मूळ १८०४ च्या लिटररी सोसायटीत आहे, म्हणजे संस्था इमारतीपेक्षा जुनी. बांधकाम १८२१ ला सुरू झालं आणि १८३३ ला संपलं. बारा वर्षं! पैसा जमवायला लॉटरी काढली होती, ती पुरली नाही. शेवटी कंपनी सरकारने खर्च उचलला.

आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरचा. समोर ग्रीक देवळासारखे आठ डोरिक खांब, वर त्रिकोणी माथा. खांब जाड नि साधे आहेत, नक्षीकाम शोधत बसू नका. खरी गंमत ३० पायऱ्यांची. खाली उभं राहून वर बघितलं की आपण आपोआप लहान होतो, आणि साहेबाला बहुधा तेच हवं होतं.

आत मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याचा संगमरवरी पुतळा आहे, शिल्पकार फ्रान्सिस चँट्री. आपण खान्देशी माणसाने तिथे जरा थांबावं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर याच एल्फिन्स्टनने कॅप्टन ब्रिग्जला खान्देशात धाडलं आणि ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ सरळ रेषेत आखली.

सीएसएमटीहून चालत जा, फार लांब नाही.