वाचक विचारतात : स्टेजचा माइक कॉम्प्युटरला जोडताना

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच केबलभोवती फिरतात. तिच्या एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर असतो, दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन. साउंडवाले पहिल्याला कॅनन म्हणतात, दुसरीला ईपी आणि मिक्सरच्या जाड ६.३५ मिलिमीटर पिनेला पी-३८. सुटे भाग आणायला गेलात तर याच नावांनी मागा. पुढच्या उत्तरांतही ही नावं येतील.

प्रश्न : देवळातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग डायनॅमिक (आत तारेची कॉइल असलेल्या) माइकवर, ‘कॅनन ते ईपी स्टिरिओ’ अशी तयार केबल लावून लॅपटॉपवर करतो. हेडफोनमध्ये आवाज चांगला येतो, पण तीच फाइल मोबाइलच्या स्पीकरवर वाजवली की बुवांचा आवाज जवळजवळ गायब! माइक बिघडला आहे का? (एक वाचक, सांगली)

माइक ठणठणीत आहे, दोष केबलच्या जोडणीत आहे. एक्सएलआरमध्ये पिन १ म्हणजे अर्थ आणि जाळी. पिन २ आणि पिन ३ वर एकच आवाज असतो, पण उलटसुलट: २ वर लाट वर चढते तेव्हा ३ वर खाली उतरते. मिक्सर या दोघांतला फरक घेतो, त्यामुळे वाटेत तारेत शिरलेली गुणगुण आपोआप वजा होते. बॅलन्स्ड जोडणी म्हणतात ती हीच.

ईपीच्या टोकाचा भाग म्हणजे टिप, मधली पट्टी रिंग आणि मुळाकडचा भाग स्लीव्ह. तुमच्या केबलमध्ये पिन २ ईपीच्या टिपला आणि पिन ३ रिंगला जोडलेली असणार. बॅलन्स्ड लाइन इनपुटसाठी ही जोडणी योग्य आहे. स्टिरिओ माइक सॉकेट असलेला लॅपटॉप मात्र टिपला डावा आणि रिंगला उजवा चॅनेल समजतो. म्हणजे डावीकडे बुवांचा आवाज सुलटा, उजवीकडे तोच उलटा. हेडफोनमध्ये दोन्ही कानांना वेगवेगळं ऐकू येतं, म्हणून चालून जातं. नीट ऐकलंत तर आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा वाटेल. एकाच स्पीकरचा मोबाइल दोन्ही चॅनेलची बेरीज करतो, आणि सुलटा अधिक उलटा म्हणजे शून्य.

आधी झालेली रेकॉर्डिंग वाचवता येतात, म्हणून त्या फाइली पुसू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ निवडा. दोन ट्रॅक होतील. खालचा पूर्ण निवडून इफेक्टमधला ‘इन्व्हर्ट’ लावा. दोन्ही ट्रॅकचा गेन (आवाजाची वाढ) ६ डेसिबलने खाली आणा, कारण आता बेरजेत आवाज दुप्पट होणार आहे. मग दोन्ही निवडून ‘मिक्स अँड रेंडर’ करा. बुवा परत येतील. दोन्ही तारांत सारखीच शिरलेली गुणगुणही याच वेळी वजा होते, त्यामुळे फाइल बरेचदा आधीपेक्षा स्वच्छ निघते. फक्त एक अट आहे. फाइल मोनो करून ठेवली असेल आणि मूळ स्टिरिओ प्रत उरली नसेल, तर हा उपाय चालत नाही.

आता केबल दुरुस्त करू. एक्सएलआरचं मादी टोक उघडा. पिनांचे आकडे भोकांशेजारी कोरलेले असतात. पिन १ आणि पिन ३ एकत्र करून ईपीच्या स्लीव्हला न्या. टिप आणि रिंग एकमेकांना जोडा, आणि तिथून पिन २ कडे जाताना मधे १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घाला. त्याची अधिक बाजू ईपीकडे ठेवा. हा कपॅसिटर एक्सएलआरच्या पोटात बसतो, पण त्याच्या उघड्या पायांवर स्लीव्हिंग (वीजरोधक नळी) चढवायला विसरू नका; कव्हर पिरगळून बसवताना तिथेच शॉर्ट होतो. शेवटी मल्टिमीटरच्या बीपवर तपासा: स्लीव्ह ते पिन १ आणि ३ बीप वाजली पाहिजे, टिप ते स्लीव्ह वाजता कामा नये. ही शेवटची तपासणी केबल माइकला न लावता करायची.

कपॅसिटर का, तर लॅपटॉपच्या माइक सॉकेटवर कॉलरच्या छोट्या माइकसाठी साधारण २ ते ५ व्होल्टचा डीसी असतो. डायनॅमिक माइकला तो नको असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या माइकमध्ये हा प्रवाह थेट कॉइलमधून जातो, कॉइल मधल्या जागेवरून सरकते आणि आवाज दबका, फाटका होतो. रिबन माइक (कॉइलऐवजी पातळ धातूची पट्टी असलेला) तर अशा सॉकेटला कपॅसिटरशिवाय लावूच नये.

प्रश्न : बीएम-८०० कंडेन्सर माइक घेतला. सोबत आलेल्या केबलने डेस्कटॉपला जोडला तर आवाज अगदी बारीक, आणि वाढवला की खरखर. माइकला ४८ व्होल्ट पुरवणारा वेगळा डबा घेऊ का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

बीएम-८०० नावाने विकले जाणारे माइक आतून इलेक्ट्रेट जातीचे असतात, म्हणून माइक सॉकेटच्या दोन-पाच व्होल्टवरही कसेबसे चालतात. स्टुडिओतल्या खऱ्या कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागतं. तो या केबलवर बोलणारच नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. डेस्कटॉपच्या पुढच्या सॉकेटऐवजी मागचं गुलाबी सॉकेट वापरा. पुढच्या सॉकेटची तार कॅबिनेटच्या आतून पंख्यांच्या आणि पॉवर सप्लायच्या शेजारून जाते आणि त्यांची कुरकुर उचलते. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीतून माइक निवडा, प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स उघडा आणि ‘मायक्रोफोन बूस्ट’ +१० किंवा +२० वर ठेवा. +३० वर शक्यतो जाऊ नका, बूस्ट आवाजाइतकीच खरखरही वाढवतो.

एवढ्याने भागलं नाही तर डबा घेऊ नका. डब्याने माइकला ताकद मिळेल, पण त्यानंतरही आवाज त्याच साउंड कार्डाच्या माइक सॉकेटमधून जाणार, आणि खरखर तिथलीच आहे. त्याच पैशांत थोडी भर घालून ४८ व्होल्टचं बटण असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरबाहेरचं साउंड कार्ड) घ्या, तो पुढच्या माइकलाही चालेल. वापरताना क्रम पाळा: गेन शून्यावर, माइक जोडा, ४८ व्होल्ट चालू, काही सेकंद थांबा, मग गेन वाढवा. काढताना आधी गेन खाली, मग ४८ बंद, आणि शेवटी केबल. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा.

प्रश्न : एक्सएलआर ते यूएसबी केबल आणि इंटरफेस यांत फरक काय? केबल तर काही शे रुपयांत मिळते. (एक वाचक, ठाणे)

यूएसबी केबलच्या जाड टोकात आवाजाचे आकडे करणारी चिप असते, म्हणजे साउंड कार्डच असतं. १६ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ एवढं भाषणाला, पॉडकास्टला भरपूर झालं. कमी पडतो तो गेन. शुअर एसएम५८ चं उदाहरण घ्या. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. साधं बोलणं ३० सेंटिमीटरवरून साधारण ६५ ते ७० डेसिबल भरतं, म्हणजे माइकमधून जेमतेम ०.१ मिलिव्होल्ट निघतो. त्याला ५५-६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो. चांगले इंटरफेस तेवढा देतात, स्वस्त केबल बहुधा देत नाही. शुअरचाच एसएम७बी माइक तर याहून बारीक बोलतो, त्याला किमान ६० डेसिबल धरून चाला.

तरीही केबल घेतलीच असेल तर तोंड माइकजवळ आणा. ३० वरून ५ सेंटिमीटरवर आलात की १५ डेसिबल फुकट मिळतात. जवळून बोलताना खर्ज फुगतो, म्हणून ८० हर्ट्झखालचं कापा आणि माइकवर फोमची टोपी घाला. बहुतेक अशा केबलना ४८ व्होल्ट नसतो, त्यामुळे कंडेन्सर त्यांना जोडू नका. हेडफोनचं भोकही नसतं. स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून उशिरा कानात येतो आणि गाणाऱ्याची लय बिघडते. गाणं रेकॉर्ड करणार असाल तर इंटरफेसच घ्या.

लांब अंतरासाठी यूएसबी ताणू नका, ५ मीटर ही त्याची मर्यादा. लांबी हवी तर ती एक्सएलआरच्या बाजूने वाढवा. तिथे ३० मीटरलाही काही होत नाही.

प्रश्न : डायनॅमिक माइक अडॅप्टरने मोबाइलच्या हेडफोन जॅकला लावला की व्हॉल्यूम आपोआप वर चढत जातो. माइकचा आवाज मात्र येत नाही. (एक वाचक, बेळगाव)

फोनला तुमचा माइक बटण वाटतो आहे! मोबाइलच्या चार पट्ट्यांच्या पिनेत टिप डावा, पहिली रिंग उजवा, दुसरी रिंग अर्थ आणि स्लीव्ह माइक असा क्रम असतो. इअरफोनच्या तारेवरची बटणं याच माइकच्या वाटेवर वेगवेगळा रोध टाकून काम करतात. अँड्रॉइडच्या नियमात शून्य ओहम म्हणजे वाजवा-थांबवा, २४० म्हणजे व्हॉल्यूम वर, ४७० म्हणजे खाली. खरा माइक ओळखला जायला १००० ओहम किंवा जास्त लागतात. डायनॅमिक माइकच्या कॉइलचा रोध त्याहून बराच कमी असतो, म्हणून फोन बटण दाबल्याचं समजतो. ज्या लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक आहे, त्यातले काही याच कारणाने माइक ओळखत नाहीत आणि नुसता हेडफोन समजतात.

उपाय सोपा आहे. स्लीव्ह आणि दुसरी रिंग यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रोध जोडा, आणि स्लीव्हपासून एक्सएलआरच्या पिन २ कडे जाताना सांगलीच्या उत्तरातला तोच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, अधिक बाजू फोनकडे. पिन १ आणि ३ दुसऱ्या रिंगला. रोध फोनला दिसतो, माइकची कॉइल दिसत नाही.

प्रश्न : मंडपातल्या मिक्सरमधून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग घेतलं तर आवाज फाटतो, लेव्हल कमी करूनही. (गणेश मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर)

मिक्सरचा मुख्य आउट +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट देतो. माइक सॉकेटची झेप काही दहा मिलिव्होल्टची. आवाज सॉकेटमध्ये शिरतानाच फाटतो, म्हणून विंडोजमधली पट्टी खाली ओढून उपयोग नाही. मिक्सरला ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ची आरसीए जोडी असेल तर ती वापरा, तिथे साधारण ०.३ व्होल्टच असतो. डेस्कटॉप असेल तर निळ्या लाइन-इनला जोडा. माइक सॉकेटशिवाय पर्यायच नसेल तर मधे पॅड (पातळी उतरवणारी रोधांची जोडी) बांधा: सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम, त्याच्या लॅपटॉपकडच्या टोकापासून अर्थला १०० ओहम. पातळी ४० डेसिबलने, म्हणजे शंभरपट उतरते. लॅपटॉपच्या डीसीसाठी इथेही तो कपॅसिटर हवा, पॅड आणि ईपी यांच्या मधे.

एक गोष्ट मात्र मंडळातल्या प्रत्येक पोराला सांगून ठेवा. अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून लॅपटॉपला तार कधीही घेऊ नका. भोंग्यांच्या अॅम्प्लिफायरवर तिथे १०० व्होल्टची लाइन असते. साउंड कार्ड जळेल, आणि हातालाही झटका बसू शकतो.

प्रश्न : एकाच यूएसबी केबलला वाय जोड लावून दोन माइक चालतील का? (एक वाचक, वसई)

नाही. दोन्ही माइक एकमेकांवर भार टाकतात, दोघांचाही आवाज पडतो आणि लेव्हल वेगवेगळी करता येत नाही. दोन माइक इनपुटचा इंटरफेस घ्या, म्हणजे गायक आणि तबला दोन ट्रॅकवर स्वतंत्र मिळतील.

प्रश्न : सगळं नीट जोडलं आहे, तरी मागे सतत घुंऽऽ असा आवाज येतो. (एक वाचिका, मडगाव)

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. आवाज थांबला तर तो चार्जरच्या वाटेने येतो आहे: चार्जर तीन पिनांचा असेल तर अर्थ नीट असलेल्या पॉइंटवर लावा, मिक्सर जोडला असेल तर दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या. चार्जर काढूनही राहिला तर माइकच्या धातूच्या अंगाला हात लावून पाहा. हात लावल्यावर घुंऽऽ कमी-जास्त झाली, तर केबलची जाळी पिन १ पासून सुटली आहे. एक्सएलआर उघडा, बहुधा सोल्डरपाशीच तुटलेली दिसेल.