मागे घेतलेले कान: लाड की धास्ती?

प्रश्न : आमचा शेरू गावठी कुत्रा आहे, रस्त्यावरून आणलेला. स्वभावाने गरीब. बहिणीचा ५ वर्षांचा मुलगा सुट्टीत आला की शेरूच्या गळ्यात पडतो. तेव्हा शेरू कान पार मागे घेतो आणि शेपटीही हलवतो. सासूबाई म्हणतात, लाडात आलाय. परवा मात्र तो मुलावर गुरगुरला, मी त्याला चांगलंच रागावले. कान मागे घेणं म्हणजे नक्की काय समजायचं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी एक करा. मुलाला शेरूच्या गळ्यात पडू देऊ नका, आजपासूनच. बाकीचं सावकाश वाचा.

कुत्रा लाडात आला तरी कान मागे घेतो आणि घाबरला तरी मागेच घेतो. सासूबाईंनी पाहिलं ते खोटं नाही, पण त्यांनी कान आणि शेपटी एवढंच पाहिलं. तुम्ही बाजारातून घरी येता तेव्हा शेरू दारात कसा येतो ते आठवा. कान मागे असतात, पण सैल पडलेले. डोळे बारीक, तोंड किंचित उघडं आणि कमरेपासूनचं सगळं अंग शेपटीबरोबर वळवळत असतं. हा लाड.

घाबरलेल्या कुत्र्याचे कान डोक्याला चिकटतात. गावठी कुत्र्याचे एरवी उभे असणारे कान समोरून जवळजवळ दिसेनासे होतात. तोंड मिटतं. जीभ पटकन नाकावरून फिरते. झोप आलेली नसताना जांभई येते. मान तो दुसरीकडे वळवतो, पण नजर मुलावरच असते, म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा भाग दिसतो. अंग ताठ झालेलं असतं. अशा वेळी शेपटी हलतेही, पण खाली, पायांच्या आत, घाईघाईने. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. त्या समजापायी चावा बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

मिठी आपल्याला प्रेमाची वाटते. कुत्र्याच्या दृष्टीने कुणीतरी मान आवळून धरली, निसटायला वाट ठेवली नाही, असं ते होतं. काही कुत्री घरच्या माणसाचं सहन करतात, सुट्टीत येणाऱ्या मुलाचं करतीलच असं नाही. शेरूने आधी कानांनी सांगितलं, मग गुरगुरून सांगितलं. त्यासाठी त्याला रागावू नका. गुरगुरण्याबद्दल मार किंवा ओरडा मिळाला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग एके दिवशी तो न सांगता चावतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला.

राग म्हणजे कान पुढे, असंही धरून चालू नका. ज्याला आपल्या ताकदीची खात्री आहे तो धमकावताना कान पुढे ताणतो, शेपटी वर आणि ताठ ठेवतो, एकटक बघतो. भीतीपोटी चावणारा मात्र कान मागे चिकटवूनच चावतो. शेरूसारख्या गरीब स्वभावाच्या कुत्र्याकडून धोका असतो तो या दुसऱ्या प्रकारचा.

मुलाला एक सवय लावा. शेरूला हाक मारायची आणि तो आपणहून आला तरच छातीला किंवा मानेच्या बाजूला थोडं खाजवायचं. मग हात काढून घ्यायचा. शेरू डोकं पुन्हा हाताखाली आणतो का ते बघायचं. आणलं तर आणखी खाजवा. तो अंग झटकून बाजूला गेला तर जाऊ द्या. मुलगा मला हे नीट करून दाखवेल, अशी माझी खात्री आहे. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. तरीही दोघांना एकटं सोडू नका. शेरूला घरात एक कोपरा द्या, तिथे मुलाने जायचं नाही. आणि कधी दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही जखमेत भरू नका.

प्रश्न : आमच्याकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे. त्याचे कान कायम लोंबलेले. उभ्या कानांच्या कुत्र्याचं कळतं, याचं कसं ओळखायचं?
– एक वाचक, जत

उत्तर : दादा, कानाचं टोक सोडा, मूळ बघा. कान हलवणारे स्नायू मुळाशी असतात आणि ते डझनाहून अधिक आहेत. खालची पाळी म्हणजे कूर्चा आणि कातडी, ती मुळामागे ओढली जाते. माळावर ससा उठला की तुमच्या कुत्र्याच्या कानांची मुळं वर येतात, दोन कानांमध्ये कपाळाला बारीक घड्या पडतात, पाळी गालाजवळून पुढे सरकते. दिवाळीत फटाका वाजला की उलट होतं. मुळं मागे सरकतात, कपाळ गुळगुळीत होतं, पाळी मानेकडे वळते. पळताना तो कान मागे दुमडतो, त्याचा भीतीशी संबंध नाही.

एक कान इकडे, एक तिकडे, असंही दिसेल. तेव्हा तो दोन आवाज एकदम ऐकत असतो किंवा जावं की थांबावं या विचारात असतो. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंत. तो कशाकडे कान देतोय ते आपल्याला ऐकूच येत नाही, असंही होतं.

कान लोंबतात का, हे कोडं जुनं आहे. पाळीव जनावरांत लोंबते कान दिसतात, याकडे डार्विनने १८५९ साली लक्ष वेधलं होतं. १९५९मध्ये रशियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी माणसाला न घाबरणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास करायला सुरुवात केली. काही पिढ्यांनंतर त्यांतल्या काही पिल्लांचे कान पडलेलेच राहू लागले.

डॉबरमॅनचे कान कापून उभे करून द्या, असं सांगत लोक माझ्याकडे येतात. मी ते करत नाही. कापलेल्या कानांनी कुत्र्याला आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही आणि दुसऱ्या कुत्र्यांना ते वाचता येत नाही. शिवाय पिल्लाला दुखतं, हे तर आहेच.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर दोन दिवस एक कान खाली पाडून, डोकं तिरकं करून बसते. ती रुसली आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रुसलेली नाही, तिचा कान दुखतोय. दोन्ही कान बदलले तर मनाचा विचार करा, एकच बदलला तर आधी कानाचा. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. त्यात लोंबत्या कानाची हवा खेळत नाही, कोकणातल्या पावसात ओल राहते आणि आत संसर्ग वाढतो. पाळी उचलून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ, लाली किंवा गोचीड दिसेल. पाळी फुगून मऊ गादीसारखी लागत असेल तर डोकं झटकून आत रक्त साचलंय. घरी तेल घालू नका, काडीला कापूस लावून आत फिरवू नका, जुन्या बाटलीतलं औषधही नको. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आत जाऊन इजा करतात, म्हणून डॉक्टरांनी कान आतून बघितल्याशिवाय थेंब टाकायचे नाहीत. चालताना ती एका बाजूला झोकांडी खात असेल किंवा डोळे आपोआप हलत असतील, तर उद्याची वाट न बघता आजच घेऊन जा.