एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर जीझिप (फाइल लहान करून पाठवण्याची सोय) चालू केलं, तरी साइट हळू का उघडते?

जीझिप ‘ऑन’ केलंत, पण सेटिंगमध्ये ‘जीझिप टाइप्स’, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइल लहान करायच्या त्याची यादी, लिहिलंय का? एनजिनएक्स आपणहून फक्त एचटीएमएल कॉम्प्रेस करतं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी हे प्रकार तुम्हाला सांगावे लागतात. मीही इथेच फसलो होतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये सीएसएस फाइलवर क्लिक करून, सर्व्हरच्या उत्तराच्या हेडर्समध्ये ‘कंटेंट-एन्कोडिंग’ दिसतंय का बघा. जेपेग ‘जीझिप टाइप्स’मध्ये घालू नका, ते आधीच कॉम्प्रेस झालेलं असतं; प्रोसेसर उगाच राबतो.

कॅशिंगचं, म्हणजे ब्राउझरने फाइलची प्रत जवळ ठेवण्याचं म्हणाल तर, ज्या फाइलच्या नावातच हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) आहे तिला मॅक्स-एज, म्हणजे प्रत वापरण्याची मुदत, ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभर. एचटीएमएलला ‘नो-कॅश’. नावावर जाऊ नका हं, ब्राउझर प्रत ठेवतोच, फक्त वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो. बदल नसेल तर नुसता ३०४ (‘बदल नाही’ असं सांगणारा कोड) येतो, पान पुन्हा डाउनलोड होत नाही.